मिस कोरिनची ओझेला

मॅरो बेंड गाव सोडून जायचं एखाद्यानं ठरवलं, की त्यानं पहिलं काय करायचं? तर काहीच करायचं नाही. निरोप घ्यायचा नाही, कोंबड्या विकायच्या नाहीत, पडवीतली खुर्ची इकडची तिकडं सरकवायची नाही. रविवारी चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर बसायचं, नेहमीसारखं बेसूर गायचं, आणि पुढच्या रविवारी तो बाक रिकामा. पाद्रीबुवा तिकडं बघायचे नाहीत, आम्हीही बघायचो नाही. मनातल्या मनात म्हणायचो, देवा, पोचू दे रे बिचाऱ्याला.

कारण सगळेच पोचायचे नाहीत. शेरीफची माणसं उत्तरेच्या गाडीत चढायची, काळ्यांच्या डब्यातून माणूस दंडाला धरून खाली ओढायची, 'कामधंदा सोडून भटकतोस' म्हणून आत टाकायची. महिन्याभरानं तोच माणूस पायात बेड्या घालून त्याच मालकाच्या कापसात वाकलेला दिसायचा. आता मला सांगा, गोऱ्यांना आमचा एवढा काय पुळका होता? पुळका कसला! सकाळची कॉफी कोण करणार, हा प्रश्न होता.

अशा गावात ओझेला टार्व्हर राहायची, आणि तिच्याइतकी भित्री बाई साऱ्या मिसिसिपीत शोधून सापडली नसती. हे मी नावं ठेवायला सांगत नाही. ज्याला भीती वाटत नव्हती त्याला आम्ही तिशीच्या आतच पुरायचो. ओझेला मागच्या दारी पान वाजलं तरी उठून उभी राहायची. रस्त्यात गोरा दिसला की चिखलात उतरून वाट द्यायची, तो अजून लांब असला तरी. "अगं, तो तारेचा खांब आहे," असं शेजारची ल्युव्हेनिया एकदा म्हणाली होती, आणि तो खरंच खांब होता.

नऊ वर्षांची असताना ती लडलो नावाच्या गोऱ्यांच्या घरी आली. जेवणाच्या टेबलाशी उभं राहून कागदाच्या झिरमिळ्यांच्या काठीनं माश्या हाकलायच्या, हे तिचं काम. पुढं भांडी, मग भाज्या चिरणं, मग चूल. मोठे लडलो गेले, बाई गेल्या, आणि घरात त्यांच्या कन्या मिस कोरिन एकट्या उरल्या. लग्न केलं नव्हतं, कधी कुणी विचारलं होतं की नाही हे गावाला ठाऊक नव्हतं. ओझेलाचं लग्न झालं होतं. एमॉस नाव त्याचं, गाणारा होता. नदीला पूर आला तेव्हा बंधाऱ्यावर वाळूची पोती रचायला बंदुका दाखवून जी माणसं नेली, त्यात तो गेला आणि नदीतच राहिला. एक मुलगी झाली होती, ती त्याच्याही आधी तापानं गेलेली. एमॉस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मिस कोरिन म्हणाल्या, "फार वाईट झालं गं ओझेला," आणि नंतर म्हणाल्या, "आज बिस्किटं जरा कमी लाल कर." तिनं कमी लाल केली.

मग मिस कोरिनचे डोळे गेले. आधी सुईत दोरा जाईना, मग माणसं दिसेनात, शेवटी नुसता उजेड आणि अंधार उरला. बाईंना कादंबऱ्यांचा भारी नाद. ओझेला लहानपणी तीन हिवाळे चर्चच्या शाळेत गेली होती, तिला वाचता येत होतं. ही गोष्ट तिनं इतकी वर्षं लपवून ठेवलेली. पण एकदा साखरेच्या पोत्यावरचं नाव ती पुटपुटली आणि मिस कोरिननं ऐकलं. त्या दिवसापासून दुपारी जेवणाची भांडी घासून झाली की दिवाणखान्यात स्टुलावर बसून संध्याकाळपर्यंत वाचायचं, हे काम वाढलं. चुलीचं काम काही कमी झालं नाही.

आणि पुस्तकं तरी कसली! सगळ्यांत एकच प्रकार. कुणीतरी उठतो आणि मोकळा व्हायला निघून जातो. एक बँकवाला होता, तो टेबलावर पेन आपटून बोट घेऊन समुद्रावर गेला. एक पाद्रीची मुलगी काकाला चार गोष्टी सुनावून शहरात गायला गेली. एका शेतकऱ्याच्या पोरानं तर बापासमोर घराचं दार धाडकन आपटलं आणि पश्चिमेला चालू लागला. ओझेला वाचता वाचता घामाघूम व्हायची. अरे मूर्खा, हळू! दार काय आपटतोस? सगळं गाव जागं होईल ना! पुढच्या पानावर शेरीफ येणार म्हणून ती श्वास धरून बसायची. शेरीफ कधी यायचाच नाही. डोंगर यायचे, सूर्योदय यायचा, आणि तो पोरगा हात पसरून उभा राहायचा. त्याला कुणी शोधत नव्हतं. हे तिच्या डोक्यात शिरायलाच किती वर्षं गेली.

मिस कोरिन ऐकताना रडायच्या. "माणसाला मोकळं व्हायचंच असतं गं ओझेला. ते आपल्या अमेरिकेच्या मातीतच आहे."

"होय, मिस कोरिन."

"पण एक सांगू? हा मेला निघून गेला खरा, याचा स्वयंपाक इतकी वर्षं कोण करत होतं ते काही लिहीत नाहीत."

"नाही, मिस कोरिन."

"खिडकी लाव. आणि काय गं, चिकन उकळत ठेवलंस ना?"

इतकं सगळं ओझेलानं सोसलं असतं. आमच्यातल्या बहुतेकांनी सोसलंच. पण एप्रिलमधल्या एका रविवारी मिस कोरिनचा भाचा रॉइस जेवायला आला. भावाचा मुलगा हा, आणि शेरीफचा उजवा हात. कमरेला पिस्तूल लावूनच जेवायचा. ओझेला त्याच्या डाव्या बाजूला रश्शाचं भांडं घेऊन उभी होती, आणि मिस कोरिन सहज, रुमाल घडी करता करता बोलल्या.

"रॉइस, जूनच्या एक तारखेपासून ओझेला इथंच झोपेल, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. मला रात्री झोप नसते, वाचायला कुणीतरी हवं. तिचं ते खोपट पाडून टाक, तिथं तुझी घोडी बांध. आणि माझ्यामागं ती तुझ्याकडं. असली बिस्किटं करणारी आसपास कुणी नाही, हातची जाऊ देऊ नकोस."

"बरं, आत्या," रॉइस तोंडात घास ठेवून म्हणाला.

झालं. गाईचं दावं बदलावं तसं बोलणं संपलं. ओझेलानं रॉइसच्या ताटात रस्सा वाढला, एक थेंबही सांडला नाही. रॉइसच्या घरी आधी टेम्पी नावाची बाई स्वयंपाकाला होती. दोन धडधाकट हात घेऊन गेली आणि एक हात वाकडा घेऊन बाहेर पडली. पायरीवरून पडले, एवढंच ती सांगायची. त्याच्या घराला पायरी नव्हती.

त्या रात्री ओझेलाला पहिल्यांदा कळलं की भीती दोन प्रकारची असते. एक जाण्याची, एक राहण्याची. आणि राहण्याची मोठी निघाली.

शिकागोला तिची धाकटी बहीण आर्व्हेला होती, कपड्यांच्या लाँड्रीत कामाला. 'ये, ये' म्हणून ती कधीची मागं लागली होती. गाडीवरचा एक पोर्टर आमच्याच चर्चचा, त्याच्या हातून निरोप गेला आणि त्याच्याच बुटात दडून तिकीट आलं. ओझेलानं ते परकराच्या शिवणीत शिवून टाकलं आणि दिवसातून वीसदा चाचपत राहिली. जाण्याचा दिवस ठरला तो मे महिन्यातला कोर्टाच्या आठवड्यातला गुरुवार. कोर्ट बसलं की रॉइसला जिल्ह्याच्या गावी मुक्काम करावा लागायचा. आणि गुरुवार हा गावातल्या सगळ्या स्वयंपाकिणींचा सुट्टीचा दिवस, म्हणजे शुक्रवारच्या नाश्त्यापर्यंत कुणी हाक मारणार नाही. तोवर गाडी कुठल्या कुठं. मॅरो बेंडला चढायचं नाही, तिथं सगळे ओळखतात. पाच मैल चालून कॉटरला चढायचं. अंगावर दोन पोशाख घालायचे, हातात काही घ्यायचं नाही, विचारलं तर दिराच्या मयताला निघालेय म्हणायचं.

एवढं सगळं नीट जुळवलं बाईनं, आणि माती खाल्ली ती कुठं? आमच्या लोकांची एक जुनी समजूत आहे. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून जो वाटेला लागतो, त्याची वाट पुरी होत नाही. आजीनं ओझेलाला हे दुधाबरोबर पाजलेलं. आता पळून जाणाऱ्या माणसानं असल्या गोष्टी पाळाव्यात का? पण नाही! मंगळवारी संध्याकाळी बाईसाहेब ल्युव्हेनियाच्या दारात हजर, कपडे उकळायची तिची लोखंडी काहील फरफटत घेऊन.

ल्युव्हेनिया म्हणजे शेजारीण, धोबीण, आणि चर्चमधली सगळ्यात फाटक्या तोंडाची बाई. तिनं काहिलीकडं पाहिलं, ओझेलाकडं पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवले.

"ही मी तुला कधी दिली होती?"

"झाली असतील चारेक वर्षं."

"आणि आज आठवण आली. चर्चची ती गोधडीची चौकट?"

"ती सकाळी चर्चमध्ये ठेवून आले."

ल्युव्हेनियानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि एकदम खालच्या आवाजात कडाडली. "अगं ए अकलेच्या कांद्या! चोर पळतो तो घेऊन पळतो. तू परत करत पळतेस? सगळ्या गावाला कळवायचंय का?"

"मी कुठं पळतेय?" ओझेला काहिलीकडं बघत म्हणाली.

"नाहीच पळत. मी काही विचारलं नाही, तू काही सांगितलं नाहीस. मला जे माहीत नाही ते रॉइसला माझ्या पाठीतून काढता येणार नाही." मग तिनं ओझेलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, इतका घट्ट की गालांवर वळ उठले. "आता काहीही परत करू नकोस. चमचा नाही, सुई नाही. ऐकलंस? आणि जा आता, रडू नकोस माझ्या दारात, मला कपडे उकळायचेत."

ओझेलानं ऐकलं. खरंच ठरवलं होतं तिनं.

बुधवारी दुपारी शेवटचं वाचन. पुस्तकातला माणूस बायको, दुकान, सगळं टाकून एका टेकडीवर चढला होता आणि खालच्या खोऱ्याकडं तोंड करून ओरडत होता. ओझेलानं ते वाक्य भराभर, दबक्या आवाजात उरकलं.

"हे काय?" मिस कोरिन म्हणाल्या. "तो ओरडतोय ना? मग मोठ्यानं वाच."

"मी माझा आहे," ओझेलानं वाचलं.

"अजून मोठ्यानं."

खिडक्या सताड उघड्या होत्या. बाहेर माळी गवत कापत होता, रस्त्यानं गाडी गेल्याचा आवाज येत होता. परकराच्या शिवणीतलं तिकीट मांडीला विस्तवासारखं लागत होतं. "मी माझा आहे!" ती ओरडली, आणि ओरडून झाल्यावर दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

मिस कोरिननं डोळे पुसले. "छान. आवाज कसा मधासारखा आहे तुझा. किती राहिलंय?"

"दोन प्रकरणं, मिस कोरिन."

"मग उद्या दुपारी येऊन संपवून टाक."

"उद्या... उद्या गुरुवार."

"माहीत आहे मला. तासभर ये. गुरुवारी तुला असं काय मोठं काम असतं?"

"होय, मिस कोरिन." दुसरं उत्तर तिला येतच नव्हतं.

ती स्वयंपाकघरात आली. ओट्यावर कडीचं पत्र्याचं पातेलं होतं. आमच्या सगळ्या स्वयंपाकिणींकडं असं पातेलं असायचं. गोऱ्यांच्या ताटातलं उरलंसुरलं, मक्याच्या पावाचा तुकडा, भाजीचा तळ, रोज संध्याकाळी त्यात घालून घरी न्यायचं आणि सकाळी रिकामं परत आणायचं. पगार जो काय होता तो होता, खरा पगार त्या पातेल्यात. ते पातेलं लडलोंचं होतं. आज नेलं तर ते परत यायचं नव्हतं. म्हणजे ती लडलोंचं पातेलं घेऊन वाटेला लागणार होती. ओझेला किती तरी वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली. ल्युव्हेनियाचे शब्द आठवले. आजीचे त्याहून जास्त आठवले. शेवटी तिनं ते घासलं, पुसलं, आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलं. कडी टण्णकन वाजली.

"ओझेला?" दिवाणखान्यातून हाक आली. "आज पातेलं नेत नाहीस?"

तिनं हातानं कडी धरून ठेवली. "पोट बरं नाही आज, मिस कोरिन."

काठी एकदा फरशीवर ठकठकली. मग, "बरं."

ते 'बरं' तिनं रात्रभर उलटंसुलटं करून पाहिलं. परत जाऊन पातेलं काढून आणावं, तर तो गुन्हा कबूल केल्यासारखाच. न आणावं तर ते तिथं खिळ्यावर टांगलेलं, आणि त्या बाईचे कान कुत्र्यासारखे तिखट. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर लख्ख ऊन पडलं होतं.

गुरुवारी ती दोन पोशाख चढवून निघाली. मे महिन्याचं ऊन, आत एक कापडाचा थर, वर दुसरा, पायात रविवारचे घट्ट बूट आणि डाव्या करंगळीवर कुरूप. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते एवढं एक तिनं पाळलं. अर्ध्या वाटेत एका गोऱ्यानं खेचरांची गाडी थांबवली.

"कुठं गं आँटी, एवढी नटून?"

"मयताला, साहेब. कॉटरला. दीर वारला."

"कशानं?"

हे तिनं ठरवलंच नव्हतं. "श्वास थांबला, साहेब," ती म्हणाली. तो माणूस हसला, थुंकला, आणि गेला. ओझेला रस्त्याकडेच्या झुडपामागं गेली, तिकीट चाचपलं, आणि चालत राहिली.

गाडी वेळेवर आली. काळ्यांचा डबा इंजिनाला लागून, धूर आणि कोळसा सगळा आत. तो ओळखीचा पोर्टर दारात होता. त्यानं तिला ओळख दाखवली नाही, नुसता दंडाला हात देऊन वर घेतलं. खिडकीपासून आत, वाटेच्या कडेला एक जागा होती. शेजारी पिवळ्या हॅटमधली एक जाडजूड बाई, मांडीवर बुटांचा खोका, त्यातून तळलेल्या कोंबडीचा वास. "बस गं बाई," ती म्हणाली. ओझेला बसली. आता गाडी सुटेल. आता सुटेल. शिट्टी झाली नाही.

"काय झालं गं? थांबली का?" कुणीतरी मागून म्हणालं.

पिवळ्या हॅटनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि झटकन आत घेतलं. "मोटार आलीय. शेरीफचा शिपाई आहे, आणि एक गोरी म्हातारी. आंधळी दिसते, काठी आहे हातात."

ओझेलाच्या कानांत शिट्टी वाजायला लागली, गाडीची नव्हे. उठून पळावं तर उठता येईना. फलाटावरून तो आवाज सरळ तिच्यापर्यंत येत होता, बत्तीस वर्षांच्या सवयीचा आवाज.

"पातेलं खिळ्याला लावून गेली हो ती! स्वच्छ घासून. स्वयंपाकीण रिकाम्या हातानं घरी जाते तेव्हा ती परत यायची नसते, हे माझ्या आईनं मला सांगितलंय. दुपारी बोलावलं होतं, आली नाही. माळ्याला पाठवलं, तर घर झाडून ठेवलेलं, चूल गार. मॅरो बेंडला तिला सगळे ओळखतात, चढणार तर ती इथंच चढणार. रॉइस इथं असता तर तुमची गरज नव्हती."

"दिसायला कशी आहे, मॅडम?" शिपाई विचारत होता. तरुण होता, कॉटरचा.

"दिसायला?" मिस कोरिन अडखळल्या. "काळी आहे. मध्यम. मला अकरा वर्षं दिसत नाही. पण आवाज मी हजारात ओळखीन. तुम्ही बायकांना बोलायला लावा, मी सांगते."

डब्यात कुणी हललं नाही. पोर्टर छताकडं बघत होता. ते दोघं पुढच्या दारानं आत चढले. पहिल्या बाकावरची म्हातारी, मग दोन बहिणी, मग एक लेकुरवाळी. "नाव सांग. कुठं निघालीस?" त्या एकेक बोलत होत्या, आणि प्रत्येक वेळी मिस कोरिन मान हलवत होत्या. नाही. पुढं. नाही. काठी फरशीवर ठक ठक पुढं येत होती. ओझेलानं आपल्या हॅटची कड खाली ओढली. न बोलून चालणार नव्हतं आणि बोलून तर संपलंच. देवा, तिनं मनात म्हटलं, मुकी कर मला. आत्ताच्या आत्ता मुकी कर.

"ए. तू. नाव?"

तिनं तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"बहिरी आहेस का? नाव काय? कुठं निघालीस?"

पिवळी हॅट मध्ये पडली, "साहेब, तिचं कुणीतरी वारलंय, ती..."

"तुला विचारलं?"

मिस कोरिन पुढं वाकल्या. लॅव्हेंडरचं अत्तर, तोंडातली पेपरमिंटची गोळी, सगळं ओझेलाच्या नाकाशी आलं. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी दोन्ही हात काठीवर टेकले आणि सगळा भार पुढं टाकला. काठीचं लोखंडी टोक बरोबर ओझेलाच्या डाव्या करंगळीवर होतं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यातल्या प्रत्येकाला तेव्हा दोन आवाज होते. एक गोऱ्यांपुढचा, गळ्याच्या वरच्या टोकातून काढलेला, पातळ, गोड. दुसरा घरचा. ओझेलाचा घरचा आवाज घोगरा होता, भरड, पुरुषी म्हणावा असा. चर्चमधल्या भांडणात तो आम्ही ऐकलेला. आणि कुरुपावर काठी पडली तेव्हा देवानं तिला मुकी केलं नाही, त्यानं दुसरंच काही केलं.

"अगं आई गं! माझा पाय! डोळे फुटले का तुझे, म्हातारडे? उचल ती काठी!"

सगळा डबा थिजला. लेकुरवाळीनं पोराच्या तोंडावर हात ठेवला. मिसिसिपीत, दिवसाढवळ्या, गोऱ्या बाईला. ओझेलानं स्वतः ते शब्द ऐकले आणि तिला वाटलं, संपलं, आता मी मेले.

मिस कोरिन दोन पावलं मागं सरल्या. कुणी अंगावर घाण पाणी फेकावं तसा चेहरा झाला. "शी! ही नव्हे. काय हे जनावर! माझी ओझेला असं बोलायची नाही, जन्मात नाही. तिचा आवाज मधासारखा आहे हो, ती मला वाचून दाखवते."

शिपायानं ओझेलाच्या तोंडात सणसणीत ठेवून दिली. हॅट उडाली, ओठ दातावर फुटला. "तोंड सांभाळून बोल," तो म्हणाला. ती वाट बघत राहिली, आता तो दंड धरेल, आता खाली ओढेल. तो मिस कोरिनना कोपराला धरून पुढच्या बाकाकडं नेत होता. नाव सांग. कुठं निघालीस? नाही. ही पण नाही. मागच्या दारानं ते उतरले. "मग ती आधीच्या गाडीनं गेली," मिस कोरिन बाहेर म्हणत होत्या, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "माझी दोन प्रकरणं राहिली आहेत हो."

शिट्टी झाली. गाडी हलली. कॉटरचं पाण्याचं टाकं मागं गेलं, कापूस आला, मग नुसता कापूसच. मग कुणीतरी हसलं, मग दुसरं हसलं, आणि मागच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, "म्हातारडे म्हणाली! गोरीला!" सगळेच हसत सुटले. पोर्टरनं हॅट उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

ओझेला हसत नव्हती. रक्त हनुवटीवर आलं होतं आणि ती रडत होती, खांदे गदगदून. पिवळ्या हॅटनं आपल्या रुमालानं तिचा ओठ दाबून धरला.

"अगं, तीच होतीस ना तू? मधाच्या आवाजाची?"

ओझेलानं मान डोलवली.

"मग सुटलीस की! रडतेस कशाला वेडे?"

"बत्तीस वर्षं," ओझेला म्हणाली. "रोज तिच्या कानाशी बसले होते गं मी. आणि तिनं मला ओळखलंच नाही."

पिवळ्या हॅटनं खोका उघडला, कोंबडीची तंगडी काढून ओझेलाच्या हातात दिली आणि वरून मक्याचा पाव ठेवला. ओझेला फुटक्या ओठानं थोडं थोडं खात राहिली. पण गाडी प्रत्येक स्टेशनात हळू झाली की तिचा घास तोंडातच थांबायचा, आणि गाडी पुन्हा चालायला लागेपर्यंत ती दाराकडं बघत बसायची.